एका माळेतले बारा दिवे

घरातल्या बहुतेक विजेच्या वस्तूंशी आपला व्यवहार सरळ असतो. आपण त्यांच्यापुढे २३० व्होल्ट ठेवतो; त्यातून किती करंट घ्यायचा ते ज्याचं त्यानं ठरवायचं. इस्त्री भरपूर घेते, पंखा बेताचा घेतो, मोबाइलचा चार्जर अगदी थोडा. जुना पिवळा बल्ब तर यात फारच समजूतदार होता. त्याची टंगस्टनची तार तापली की तिचा रोध थंड असतानाच्या दहापटीहून जास्त होई आणि करंट आपोआप आवरला जाई. त्याला कुणी सांभाळावं लागत नसे.

एलईडीला हा आवर नाही. पांढऱ्या पॉवर एलईडीवर अडीच व्होल्ट असतील तर तो जवळजवळ विझलेलाच असतो, तीनच्या आसपास नीट उजळतो, आणि त्यापुढच्या काही दशांश व्होल्टांत करंट दुप्पट, चौपट होत जातो. शिवाय तापला की तेवढ्याच व्होल्टेजला आधीपेक्षा जास्त करंट ओढतो. जास्त करंटमुळे आणखी तापतो, तापला म्हणून आणखी ओढतो. थांबायचं कुठे हे त्याच्या अंगातच नाही. म्हणून त्याच्याशी व्यवहार उलटा करावा लागतो: करंट आपण ठरवून द्यायचा आणि व्होल्टेज काय लागेल ते लागू द्यायचं. हे काम करणाऱ्या डबीला ड्रायव्हर म्हणतात. बाजारात अजूनही पुष्कळ जण ट्यूबलाइटच्या सवयीनं तिला चोकच म्हणतात.

हा उलटा व्यवहार एकदा समजला की खोलीतला उजेड आपल्या हातानं, हवा तिथे आणि हवा तेवढा मांडता येतो. मला हे फार मोलाचं वाटतं. उजेड ही दुकानातून आणायची, होल्डरमध्ये फिरवायची आणि गेली की फेकायची वस्तू झाली आहे. ज्या उजेडात आपण रोज वाचतो, जेवतो, मुलांचा अभ्यास घेतो, तो कुठून येतो आणि का जातो हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावं.

आमचं वाईचं घर जुनं आहे. माजघराला लागून आईची खोली, १० बाय १२ फुटांची. वर सागवानी तुळया आणि त्यांवर तक्तपोशी, वर्षानुवर्षांच्या धुरानं काळपट झालेली. भिंती मात्र पांढऱ्या. या खोलीत आई सकाळी पेपर वाचते, दुपारी तांदूळ निवडते, हातात सुई असेल तर गोधडीला टाके घालते. खोलीच्या मधोमध एक बल्ब होता. बल्ब चांगला होता, उजेडही कमी नव्हता, पण तो यायचा पाठीमागून. आई भिंतीकडे तोंड करून बसली की तिची स्वतःची सावली ताटावर पडे. "उजेड आहे रे," ती म्हणायची, "पण माझ्या कामाला येत नाही."

हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवत होतो. वय वाढतं तशी डोळ्यातली बाहुली पूर्वीइतकी मोठी होत नाही आणि आतलं भिंग पिवळसर होतं. पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाशच कमी होतो. त्यामुळे सत्तरीतल्या डोळ्यांना उजेड जास्त हवा हे खरं. पण जास्तीचा उजेड एकाच मोठ्या दिव्यातून दिला तर त्याच भिंगात तो विखुरतो आणि डोळे दिपतात. म्हणजे उजेड वाढवायचा आणि त्याचा उगम मात्र लहान लहान करून पसरायचा. खोलीत एकाऐवजी बारा दिवे लावायचं खरं कारण हे आहे. सजावट हा त्यातला अगदी नंतरचा भाग.

हिशोब असा. चांगल्या प्रतीचा एक एलईडी ३०० मिलीअँपिअर करंटवर शंभर-सव्वाशे ल्युमेन उजेड देतो. बारा धरले तर साधारण १,३०० ल्युमेन. आपल्याकडे ज्याला शंभरचा बल्ब म्हणत तो साधारण एवढाच उजेड देई. एकेका एलईडीवर ३.१ व्होल्ट पडतात, म्हणजे बारांचे मिळून सुमारे ३७ व्होल्ट. ३७ गुणिले ०.३ केले की ११ वॅट. ड्रायव्हरमधली तूट धरली तरी मीटरवर १३-१४ वॅट. शंभर वॅटच्या जागी चौदा, आणि तेही खोलीभर वाटून.

सामान आणायला पुण्याला गेलो. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं दाटीनं आहेत, आणि शेजारच्या तापकीर गल्लीत वायर, स्विच, दिव्यांचं सामान. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड जसा, तसा आम्हा सातारा-पुण्याकडच्यांना हा भाग. दुकानदार ड्रायव्हर मागितला की पहिला प्रश्न विचारतो, "किती वॅटचा देऊ?" या प्रश्नावर बारा वॅट एवढंच उत्तर देऊन थांबू नये. बारा वॅट म्हणजे १२ व्होल्ट एक अँपिअरही होतात आणि ४० व्होल्ट ३०० मिलीअँपिअरही. पहिला ड्रायव्हर बारांच्या माळेला जागंसुद्धा करू शकणार नाही. विचारायचं असतं ते करंट किती आणि व्होल्टेज कुठून कुठपर्यंत. माझ्या ड्रायव्हरच्या अंगावर लिहिलं होतं: ८ ते १२ गुणिले १ वॅट, ३०० मिलीअँपिअर, २४ ते ४२ व्होल्ट. याचा अर्थ, माळेत आठपासून बारापर्यंत कितीही एलईडी ठेवा, करंट तीनशेच राहील. सहाच लावले तर माळेला १८-१९ व्होल्टच लागतात. ड्रायव्हर तेवढं खाली उतरू शकत नाही आणि लुकलुकत राहतो. चौदा लावले तर बेचाळीसच्या वर चढू शकत नाही.

एलईडी मी 'स्टार'वर बसवलेले घेतले. अ‍ॅल्युमिनियमची साधारण रुपयाच्या नाण्याएवढी चकती, कडेला खाचा, मध्ये पारदर्शक सिलिकॉनचा घुमट आणि त्याखाली पिवळा ठिपका. घुमटावर बोट दाबू नये; आत केसाहून बारीक सोन्याची तार असू शकते, ती तुटते. चकती नेहमी कडेनं धरायची.

तो पिवळा ठिपका मला प्रत्येक वेळी थांबवतो. पांढरा उजेड देणारी ही वस्तू मुळात निळी आहे. आतला गॅलियम नायट्राइडचा तुकडा निळा प्रकाश देतो, त्यातला काही वरच्या पिवळ्या लेपात शोषला जाऊन पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं. डोळ्याला दिसणारा तांबडा एलईडी निक होलोनियाक यांनी १९६२ मध्ये केला होता. पण तांबड्यापासून उजळ निळ्यापर्यंत यायला तीन दशकं लागली, आणि निळा नसता तर पांढरा नसताच. जपानमध्ये नागोयाला इसामु अकासाकी आणि त्यांचे विद्यार्थी हिरोशी अमानो, आणि शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा प्रांतात निचिया या कंपनीत शुजी नाकामुरा, हे वर्षानुवर्षं त्या एका स्फटिकाच्या मागे होते. बहुतेक संशोधकांनी गॅलियम नायट्राइडचा नाद सोडून दुसऱ्या पदार्थांकडे मोर्चा वळवला होता. १९९३ मध्ये नाकामुरांचा उजळ निळा एलईडी जाहीर झाला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल या तिघांना मिळालं. रुपयाएवढ्या चकतीच्या मध्यभागचा तो ठिपका या माणसांच्या चिकाटीचा आहे, आणि तो आज आईच्या तांदळाच्या ताटावर उजेड पाडतो. मला याचं खरोखर अप्रूप वाटतं.

वायरिंगला आमचे नेहमीचे वायरमन मामा आले. घरातली २३० व्होल्टांची बाजू परवानाधारक माणसानंच करावी असं माझं ठाम मत आहे. मी हात घातला तो ड्रायव्हरच्या पुढच्या, ३७ व्होल्टांच्या बाजूला. मामांचा हात इतकी वर्षं प्रत्येक पॉइंटला दोन वायरी नेण्यात मुरलेला, एक फेजची, एक न्यूट्रलची. मी कागदावर काढलेली माळ त्यांनी बराच वेळ पाहिली. ड्रायव्हरच्या प्लसमधून निघालेली वायर पहिल्या एलईडीच्या प्लसवर, त्याच्या मायनसमधून निघालेली दुसऱ्याच्या प्लसवर, असं करत बाराव्याच्या मायनसपासून परत ड्रायव्हरकडे.

"दादा, ही तर सिरीज झाली," मामा म्हणाले. "एक गेला की अख्खी खोली अंधारात. गणपतीच्या माळेचं काय होतं ते पाहिलंय ना?"

"पाहिलंय, मामा."

"मग? समांतर करू. म्हणजे ज्याचा तो जळेल, ज्याचा तो विझेल."

मामांचा आक्षेप खरा होता आणि त्याचं उत्तर द्यायला मला आवडलं, कारण एका ड्रायव्हरवर अनेक एलईडी लावण्यातला सगळा गाभा इथेच आहे. समईचं उदाहरण घेऊ. पाच वाती, एकच तेल. एक वात विझली तरी चार शांतपणे जळत राहतात, कारण प्रत्येक वात आपल्याला लागेल तेवढंच तेल ओढते. पाचवीच्या वाटचं तेल उरलं म्हणून बाकीच्या भडकत नाहीत. समांतर जोडणी अशीच असेल असं आपल्याला वाटतं. पण ड्रायव्हर काही तेलाची वाटी नाही. त्यानं ठरलेला करंट द्यायचाच असतो, घ्यायला कितीही जण असोत.

समजा चार-चार एलईडींच्या तीन माळा केल्या आणि ९०० मिलीअँपिअरचा एकच ड्रायव्हर तिन्हींना समांतर जोडला. कागदावर प्रत्येकीला तीनशे. प्रत्यक्षात एकाच कारखान्यातून आलेल्या दोन एलईडींचं व्होल्टेजही तंतोतंत सारखं नसतं, थोडं इकडेतिकडे असतंच. जिचं व्होल्टेज थोडं कमी ती माळ जास्त करंट घेते, म्हणून जास्त तापते, तापल्यामुळे तिचं व्होल्टेज आणखी खाली येतं आणि ती आणखी घेते. तिघींत वाटणी कधी समान होत नाही. मग एखाद्या दिवशी त्या माळेतला एक एलईडी आतून तुटतो. माळ बंद पडते. ड्रायव्हरला याचं काहीच नाही. तो ९०० देतच राहतो, आता दोघींत साडेचारशे-साडेचारशे. त्यांतली एक गेली की उरलेलीवर पूर्ण नऊशे. ती फार काळ टिकत नाही. समांतर जोडणीत एकाचं जाणं बाकीच्यांच्या अंगावर येतं. प्रत्येक माळेत एक-दोन ओहमचा रेझिस्टर घालून वाटणी बरीचशी सावरता येते, काही ठिकाणी ते करावंही लागतं, पण माळ तुटल्यावरचा लोंढा त्यानं थांबत नाही.

सिरीजमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही. रस्ता एकच, त्यामुळे पहिल्यातून जेवढा करंट जातो तेवढाच बाराव्यातून. एखाद्याचं व्होल्टेज ३.०, एखाद्याचं ३.२, काही फरक पडत नाही; ड्रायव्हर बेरजेएवढं व्होल्टेज देतो. इतकंच काय, यातले चार उबदार पिवळसर आणि आठ पांढरे घेतले तरी चालतं. दोन व्होल्टांचा एखादा तांबडा घातला तरी तोही तीनशेवरच सुखानं जळेल, मात्र तेवढा करंट सोसणारा हवा.

राहिला मामांचा प्रश्न: एक गेला तर? एलईडी दोन तऱ्हेनं जातो. कधी आतून शॉर्ट होतो. मग तो एकटाच विझतो, बाकीचे अकरा तसेच राहतात, ड्रायव्हर तीन व्होल्ट कमी करतो. कधी आतली तार तुटून रस्ता बंद होतो, आणि तेव्हा सगळी माळ विझते. या दुसऱ्या प्रसंगासाठी प्रत्येक एलईडीच्या दोन टोकांवर, उलट दिशेनं, ५.१ व्होल्टांचा पाच वॅटचा एक झेनर डायोड सोल्डर केला. एलईडी धड असेपर्यंत त्यावर तीन-सव्वातीन व्होल्टच असतात, त्यामुळे झेनर गप्प असतो. एलईडी तुटला की तिथलं व्होल्टेज चढतं, पाचाच्या वर गेलं की झेनर रस्ता खुला करतो आणि करंट पुढे जातो. झेनरवर दीड वॅट खर्च होतात आणि माळेचं व्होल्टेज दोनानं वाढून ३९ होतं. ड्रायव्हर ४२ पर्यंत जातो, म्हणजे एखादा तुटला तरी चालून जाईल, दुसराही तुटला तर मात्र जागा जेमतेम उरते. मामांनी एक एलईडी मुद्दाम सोडवून पाहिला. अकरा दिवे तसेच राहिले. "हां," ते म्हणाले, आणि पुढचा झेनर स्वतःच सोल्डर करायला घेतला.

आता करंटबद्दल. मी घेतलेले एलईडी ७०० मिलीअँपिअरपर्यंत चालणारे होते, आणि मी त्यांना तीनशेवर ठेवलं. दुकानदाराला हे पटलं नव्हतं. त्याच्या मते तेवढाच उजेड सहा एलईडींत निघाला असता, पैसे वाचले असते. निघाला असता हे खरं. पण निळ्या एलईडीचा एक स्वभाव असा की करंट वाढवत नेला तर उजेड त्या प्रमाणात वाढत नाही. दर वॅटमागे मिळणारा उजेड घटत जातो आणि उरलेलं सगळं उष्णतेत जातं. जुना बल्ब आपली उष्णता प्रकाशाबरोबर समोर फेकून मोकळा व्हायचा. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीत साठते आणि तिथून ती काढून घ्यावी लागते. सातशेवर चालवला की एलईडीच्या पाठीशी जाड पात्यांचा हीट सिंक, म्हणजे उष्णता पसरवणारा धातूचा ठोकळा लागतो. तीनशेवर एका एलईडीची उष्णता अर्ध्या वॅटच्या आसपास, तेवढी अ‍ॅल्युमिनियमची साधी चॅनल, म्हणजे लांब, पन्हळीसारखी पट्टी, सहज पसरवते. चकतीच्या तळाला थर्मल पेस्टचा पातळ थर, दोन बारीक स्क्रू, स्क्रूखाली नायलॉनचे वायसर म्हणजे वरच्या सोल्डरशी स्पर्श नको. तासभर चालल्यावर चॅनलवर बोट ठेवलं तर कोमट लागते. इतका गार ठेवलेला एलईडी वर्षानुवर्षं टिकतो. सहा दिवे पूर्ण ताकदीवर राबवण्यापेक्षा बारा अर्ध्यावर ठेवावेत, याबद्दल मला आता कुणाशी वाद घालायची गरज वाटत नाही.

उष्णतेची दुसरी बाजू ड्रायव्हरची. बाजारातला सीलबंद बल्ब बहुधा एलईडी संपले म्हणून जात नाही. त्याच्या प्लास्टिकच्या बुडात ड्रायव्हर कोंडलेला असतो आणि एलईडींची सगळी उष्णता त्याच्यावरच येते. ड्रायव्हरमधला वीज साठवणारा भाग, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर, तापमान दर दहा अंशांनी वाढलं की साधारण निम्मं आयुष्य गमावतो. गेलेला बल्ब कधी उघडून पाहावा, अर्थात होल्डरमधून काढून आणि आतला कपॅसिटर रिकामा झाल्याची खात्री करून. गोल पांढऱ्या पट्टीवर चौकोनी एलईडींची रांग दिसते, तीही सिरीजच असते, आणि पुष्कळदा त्यांतल्या एकावरच काळा ठिपका असतो. एक गेला म्हणून सगळे. रस्त्याकडेला बल्ब दुरुस्त करून देणारे कारागीर तोच शोधतात.

मला त्या बल्बांना कमी लेखायचं नाही. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. सरकारी खरेदीत २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा बल्ब २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत आला. गावोगावच्या घरांतले साठचे पिवळे बल्ब त्यामुळे गेले, बिलं उतरली. हे मोठं काम झालं. पण ज्याला आपल्या खोलीत थोडा वेळ घालता येतो त्यानं ड्रायव्हर आणि एलईडी वेगळे करावेत असं मी म्हणेन. आमचा ड्रायव्हर स्विचबोर्डाशेजारी, हवा खेळेल अशा पेटीत, हात पोचेल असा बसला आहे. गेला तर चार स्क्रू काढून बदलायचा. तुळईवरच्या दिव्यांना शिवायलाही नको.

असं दूर ठेवणं जमतं, कारण ठरावीक करंटच्या माळेत वायरीची लांबी आडवी येत नाही. १२ व्होल्टांच्या चिकटपट्ट्या लावतात त्यात सुरुवातीला लख्ख आणि टोकाला मलूल उजेड दिसतो. वायरीत आणि पट्टीत व्होल्टेज गळतं. आमच्या माळेत वीस मीटर तांब्याची बारीक वायर असली तरी तिच्यात पाव व्होल्टही जात नाही, आणि गेलं तरी ड्रायव्हर तेवढं वर चढतो. बारावा दिवा पहिल्याइतकाच. त्यामुळे दिवे कुठे ठेवायचे हे वायरीच्या सोयीनं ठरवावं लागलं नाही, आईच्या सोयीनं ठरवता आलं.

हा भाग सगळ्यात आनंदाचा होता. काळपट तक्तपोशीवर उजेड फेकण्यात अर्थ नव्हता, ती सगळा गिळून टाकते. म्हणून दोन तुळयांच्या कडेनं चॅनल नेली आणि उजेड भिंतींकडे आणि खाली वळवला. चार दिवे आईच्या बसायच्या जागेवर, पण एका जागी नाही. एकमेकांपासून दीड-दोन फुटांवर, थोडे पुढे, थोडे डावी-उजवीकडे. त्यांच्यावर ३० अंशांची भिंगं बसवली, म्हणजे उजेड एकवटतो आणि तिच्या ताटावर तीनशे लक्सच्या आसपास येतो. वाचायला तेवढा पुरतो. चार जागांहून येत असल्यामुळे हाताची सावली पडते ती फिकी, कडा नसलेली. चार समोरच्या भिंतीवर सोडले, भिंगाशिवाय. पांढरी भिंतच मग दिव्याचं काम करते आणि डोळ्यांना उगम दिसत नाही. दोन दाराशी, कारण तिथे उंबरा आहे आणि रात्री पाय तिथेच अडखळतात. उरलेले दोन देवाच्या कोनाड्याजवळ.

कोनाड्यातले आणि भिंतीवरचे ३,००० केल्व्हिनचे, उबदार; हा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळसर. ताटावरचे ४,००० चे, आणि रंग नीट दाखवणारे, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा निर्देशांक शंभरात नव्वदच्या वरचा. हे मी मुद्दाम शोधून घेतलं. स्वस्त एलईडीत तांबडा फिका असतो; तांदळातला खडा आणि गोधडीच्या दोन लाल चिंध्यांमधला फरक त्यात हरवतो. आईनं पहिल्याच दिवशी जुनी गोधडी उलगडली आणि म्हणाली, "हा धागा किरमिजी आहे होय! मी इतके दिवस तपकिरी समजत होते."

थोडं सुरक्षिततेचं. ड्रायव्हर घेताना आयसोलेटेड आहे ना हे विचारून घ्यावं. स्वस्त नॉन-आयसोलेटेड ड्रायव्हरच्या आउटपुटला थेट मेन्सचा संबंध असतो. तिथे ३७ व्होल्ट लिहिलं असलं तरी हात लावणाऱ्याला २३० चा झटका बसू शकतो, आणि आपली चॅनल तर धातूची. चॅनलला अर्थिंगची हिरवी वायर द्यायचीच. माळ ६० व्होल्ट डीसीच्या आत ठेवावी. जास्त दिवे हवे असतील तर दुसरा ड्रायव्हर घ्यावा. आणि ड्रायव्हर चालू असताना माळ कधीही जोडू नये. मोकळा ड्रायव्हर आपल्या कमाल व्होल्टेजला जाऊन बसलेला असतो, त्याचा कपॅसिटर भरलेला असतो, आणि माळ टेकवताच तो सगळा एका क्षणात तिच्यात ओततो. आधी माळ, मग स्विच.

एक गोष्ट बहुतेक जण पाहत नाहीत: लुकलुक. आपला वीजपुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरमधला उजेड सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतो. डोळ्याला तो स्थिर वाटतो, पण काहींचं डोकं दुखतं आणि बराच वेळ वाचलं की थकवा येतो. पेन्सिल दिव्याखाली भरभर हलवून पाहावी. तिचा सलग पुसट पंखा दिसला तर ठीक. वेगवेगळ्या पेन्सिली दिसल्या तर तो ड्रायव्हर परत करावा. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर तर ही परीक्षा प्रत्येकानं करावी.

काम संपल्यावर मामा बराच वेळ खाली बसून वर पाहत होते. मग त्यांनी विचारलं की त्यांच्या बहिणीच्या वस्तीवर लाइट फार जाते, तिथे सोलरची १२ व्होल्टांची बॅटरी आहे, तिच्यावर अशी बारांची माळ होईल का. बारांची सरळ नाही होणार, मी सांगितलं. बॅटरी उतरत उतरत ११ व्होल्टांवर येते आणि साधा डीसी ड्रायव्हर आलेल्या व्होल्टेजपेक्षा वर चढत नाही. तिथे तिनाचीच माळ, सव्वानऊ व्होल्टांची, म्हणजे ड्रायव्हरला वर दीड-पावणेदोन व्होल्ट मोकळे राहतात.

"मग तिनाच्या चार माळा, समांतर?" मामांनी विचारलं, आणि माझ्याकडे न पाहताच मान हलवली. "नको. चारींना चार ड्रायव्हर. लहान असतात, नाही का?"

लहानच असतात, आणि स्वस्तही. आम्ही तिथेच कागद पालटून वस्तीवरच्या घराचा नकाशा काढला. दोन खोल्या, एक पडवी, एक गोठा. गोठ्यात एक माळ पुरेल असं मामांचं म्हणणं. मी म्हणालो पडवीला दोन नकोत, एकच द्या आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर दोन लावा. त्यांना बहिणीला विचारायचं आहे. ती ओट्याशी कुठल्या बाजूला तोंड करून उभी राहते, हे ठरल्याशिवाय चॅनल कापायची नाही.